सुवाह्य वादक, एक नग

ऑपरेटरबाईंना निरोपाला काय द्यायचं, हा प्रश्न ऑफिसात कुणालाही पडलेला नव्हता. फुलदाणी द्यायची, हे ठरलेलं होतं. आजवर जो जो निवृत्त झाला तो फुलदाणी घेऊनच घरी गेला, आणि घेताना "अरे वा, हे कशाला!" असं म्हणाला. हा शिरस्ता एकदाच मोडला होता आणि तो मोडणारा त्याची फळं अजून भोगत होता.

हे मोडणारे गृहस्थ म्हणजे आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क. दोन वर्षांपूर्वी कॅशियर निवृत्त झाले, तेव्हा "फुलदाणी कसली देता, काहीतरी विचार करून देऊ या" असं म्हणत ह्यांनी स्वतः चार दुकानं पालथी घातली आणि एक लंबकाचं घड्याळ निवडलं. घड्याळ दिसायला दृष्ट लागण्यासारखं होतं. फक्त दुपारी बारा वाजता ते तेरा ठोके द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या घरी ते खपून गेलं असतं. पण ज्या माणसाचा जन्म ताळे जुळवण्यात गेला, त्याच्या भिंतीवर रोज भर दुपारी एक ठोका जास्त! आठव्या दिवशी कॅशियर घड्याळ काखोटीला मारून ऑफिसात हजर झाले, ते टेबलावर ठेवलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हा एक ठोका कुणाचा आहे, तेवढं मला सांगा." घड्याळ हेडक्लार्कांच्या घरी गेलं आणि हेडक्लार्कांचे लंबकराव झाले. त्यांचं मूळ नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

तेव्हा ऑपरेटरबाईंच्या निरोपाची यादी फिरायला लागल्यावर लंबकरावांनी मनाशी ठरवलं, की हा डाग याच वेळी धुऊन काढायचा. मागच्या वेळी आपण विचार केला, पण ज्याला द्यायचं त्याला विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून ते सरळ जिन्याखालच्या खोलीत गेले.

त्या खोलीत बाई, त्यांचा टेलिफोनचा बोर्ड, बोर्डावरच्या पिना आणि एक टेबलपंखा असे चौघे एकतीस वर्षं एकत्र नांदत होते. आता महिनाअखेरीला आपोआप चालणारं नवं यंत्र बसणार होतं आणि बाई व बोर्ड एकाच संध्याकाळी सेवेतून मुक्त व्हायचे होते.

"बाई, संकोच करू नका. काय हवं ते सांगा," लंबकराव म्हणाले.

"खरं सांगू? हसणार नाही ना?" बाईंनी कानावरचं यंत्र खाली ठेवलं. "मला ते गाणं पुरं ऐकायचंय."

"कुठलं?"

"थांबा-गाणं हो आपलं."

फोन करणाऱ्याला "थांबा" म्हणून बाईंनी पिन खोचली, की पलीकडे एक सूर वाजायचा. साऱ्या ऑफिसात त्याला थांबा-गाणं म्हणत. बाईंनी ते गुणगुणून दाखवलं. दोन ओळींचं होतं, गोड होतं, आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाशी आता काहीतरी होणार असं वाटायला लावून थांबत होतं.

"पुढे?"

"तेच तर! एकतीस वर्षं मला वाटायचं, माझंच काम चोख, लाइन पटकन लागते, म्हणून पुढचं ऐकायला मिळत नाही. एकदा मुद्दाम मोठ्या साहेबांना ताटकळत ठेवलं. पाच मिनिटं! तर काय, दोन ओळी झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. त्या मेल्या डबीत भरलंच आहे तेवढं." बाईंनी बोर्डाखालच्या काळ्या डबीकडे बोट दाखवलं. "एवढी माणसं थांबवली मी. पण मीसुद्धा थांबलेच आहे की नाही?"

लंबकरावांना एकदम भरून आलं. भरून आलेल्या माणसाने तोंड उघडू नये. त्यांनी ते उघडलं. "बाई, तुमच्या शेवटच्या दिवशी, पाचच्या आत, तुम्हाला ते गाणं शेवटपर्यंत ऐकवणार. हा माझा शब्द. आणि असं यंत्र देणार, की पुढे जन्मभर हवं ते ऐका, कधीही, पुरं."

बाईंनी त्यांच्याकडे अशा काही विश्वासाने पाहिलं, की लंबकरावांना माघार घेण्याची सोयच राहिली नाही.

घरी बायकोला त्यांनी बातमी दिली, तेव्हा ती शेंगा सोलत होती. "म्हणजे भेट तुम्ही निवडणार?" तिने शेंगा बाजूला ठेवल्या. "बाईंना कल्पना दिलीय ना?" एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाने सहाचे सहाच ठोके दिले. ते फक्त बारालाच चुकत असे, बाकी दिवसभर साळसूद.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहत. सल्ला मागायला कुणी आलं नाही तर ते जिन्यात उभे राहून सल्ला देत. त्यांनी लंबकरावांना बसवून घेतलं.

"किती जीबीचा घेणार?"

"मध्यम."

"जीबीत मध्यम नसतं! चार, आठ, सोळा. गाणी किती?"

"एक," लंबकराव म्हणाले. "तेही दोन ओळी. बाकीचं शोधायचंय."

इंजिनिअरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी दीड तास गाण्याच्या फाइली कशा दाबून लहान करतात, दाबल्यावर त्यातलं काय काय मरतं आणि जाणकार माणूस दाबलेलं गाणं कसं ऐकूच शकत नाही, हे समजावलं. त्यांच्या बोलण्यावरून लंबकरावांचा असा समज झाला, की आजवर आपण आनंदाने जे जे ऐकलं ते सगळं फसवणूक होती. जाता जाता इंजिनिअर म्हणाले, "आणि बटणं खरी बघून घ्या. काचेवर बोट फिरवायचं नको. एकतीस वर्षं पिना खोचलेल्या बाईला काहीतरी दाबल्यासारखं वाटलं पाहिजे." हे मात्र लाखातलं एक बोलले. उंटावरच्या शहाण्यालाही कधीकधी लांबचं नीट दिसतं.

दुकानाची मालकीण फार चटपटीत होती. तिने काउंटरवर चौदा प्लेअर ओळीने मांडले. काडेपेटीएवढे, साबणाएवढे, एक तर अंगठीएवढा, जो दाखवता दाखवता हरवला आणि मग सगळ्यांनी मिळून शोधला.

"आधी गाणं आहे का सांगा," लंबकराव म्हणाले.

"नाव सांगा."

"नाव नाही. चाल आहे."

"मग म्हणून दाखवा."

लंबकरावांना गाता येत नसे. शीळ येत असे. हेडक्लार्कच्या हुद्द्याला शीळ शोभत नाही, हे माहीत असूनही त्यांनी डोळे मिटले आणि शब्दाखातर ती घातली. दोन ओळी. मग पुन्हा दोन ओळी. गिऱ्हाइकं जमली. एक म्हणे ही साबणाची जाहिरात, दुसरा म्हणे नाही, हे आमच्या शाळेचं गीत, तिसऱ्या बाई म्हणाल्या आमच्या लिफ्टमध्ये हेच वाजतं, पण आम्ही पहिल्या मजल्यावर उतरतो. पाचव्यांदा शीळ घालून लंबकरावांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांच्या हातातल्या उलट्या टोपीत कुणीतरी एक नाणं टाकून गेलं होतं.

हा अपमान त्यांनी गिळला. नाणं मात्र परत करायला माणूस सापडेना, म्हणून ते खिशात टाकलं. मग त्यांनी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, चौदाच्या चौदा प्लेअर चाचपले आणि एक निळा निवडला. बोटभर लांब, पदराला अडकवायला चिमटा, पाच खरीखुरी बटणं आणि कडेला एक छोटी खिट्टी.

"ही कशाला?"

"तो होल्ड," मालकीण म्हणाली. "सरकवलं की मग कितीही बटणं दाबा, काही पुढे जात नाही."

"हाच," लंबकराव म्हणाले. "बाईंना माहेरच्यासारखं वाटेल." तिने तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला.

खरं म्हणजे इथेच खिशात हात घालून तो विकत घेतला असता, तर ही गोष्ट झालीच नसती. पण निरोपाची भेट कर्मचारी कल्याण निधीतून घ्यायची, निधीतली खरेदी भांडार विभागाने करायची, आणि भांडाराला टिपणी पाठवायची, असा रिवाज होता. आणि टिपणी भाषा कक्षाकडून तपासून घ्यायची, असं नवं परिपत्रक होतं. ऑफिसच्या कागदावर एकही परका शब्द दिसता कामा नये, म्हणून साहेबांनी एक भाषाधिकारी नेमला होता आणि त्याला लाल पेन दिलं होतं.

लंबकरावांनी टिपणीत लिहिलं होतं: "पोर्टेबल डिजिटल म्युझिक प्लेअर, निळा, आठ जीबी मेमरी, एका चार्जवर तीस तास चालणारा, खिशात मावणारा, एक वर्षाची गॅरंटी." भाषाधिकाऱ्याने ते वाचलं आणि एखाद्याच्या जेवणात झुरळ निघावं तसा चेहरा केला.

"हा प्लेअर करतो काय?"

"गाणी वाजवतो."

"वाजवतो तो वादक. पोर्टेबल?"

"कुठंही सहज नेता येतो."

"सुवाह्य. आठ जीबी मेमरी म्हणजे उत्तम स्मरणशक्ती. चार्ज म्हणजे... थांबा... पोषण. डिजिटल राहू द्या, ते नसलं तरी वाजतोच ना?"

"वाजतो की!"

लाल पेन सरसर चाललं आणि खाली शुद्ध, सात्त्विक टिपणी उभी राहिली: "सुवाह्य संगीत वादक, एक नग. रंग निळा. स्मरणशक्ती उत्तम. एका पोषणावर सलग तीस तास वाजणारा. खिशात मावेल असा. एक वर्षाच्या हमीसह." लंबकरावांनी ती मोठ्याने वाचली. आपल्या हातून इतकं भारदस्त काही लिहिलं जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी अभिमानाने सही ठोकली. 'ध'चा 'मा' झाला तेव्हाही सही करणाऱ्याला असंच छान वाटलं असणार.

चार दिवसांनी भांडारपाल त्यांच्या टेबलाशी आला. हा इसम कागदावर जे असेल तेच आणी. 'खुर्ची, तीन पायांची' असं चुकून लिहिलं गेलं, तर हा गावभर हिंडून तीन पायांची खुर्ची पैदा करी. "मी कागद वाचतो, माणसं वाचत नाही," असं तो सांगे.

"लंबकराव, तो वादक. उंचीची काही अट?"

"जेवढा लहान तेवढा चांगला."

"हं. आणि ते एका पोषणावर तीस तास? मधे काहीच द्यायचं नाही?"

"अजिबात नाही! सारखं सारखं देत बसायला बाईंना वेळ कुठाय? आणि तापता कामा नये. काही वाजता वाजता तापतात."

भांडारपालाने ते लिहून घेतलं. "बाई ठेवणार कुठे त्याला?"

"कुठे म्हणजे? कामात असल्या तर पदराला अडकवतील. पडल्या असल्या की उशाशी."

भांडारपालाचं पेन थांबलं. "उशाशी?"

"अहो, ऐकता ऐकता डोळा लागला तर छातीवरसुद्धा राहील बिचारा. त्यात काय एवढं?"

"काही नाही," भांडारपाल म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी आपलं कागदावर आहे तेवढंच बघतो." आणि तो घाईघाईने निघून गेला. त्यानंतरचे काही दिवस तो जिन्याखालच्या खोलीवरून जाताना मान खाली घालून जाऊ लागला, हे बाईंच्याही लक्षात आलं.

इकडे लंबकराव गाण्याच्या मागे हात धुऊन लागले होते. त्यांनी ते इंजिनिअरांना ऐकवलं, वाचनालयात ऐकवलं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना ऐकवलं. त्या काळ्या डबीवरचा पत्ता शोधून कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने "थांबा" म्हटलं, आणि पलीकडे तेच गाणं वाजायला लागलं! लंबकराव श्वास रोखून ऐकत राहिले. दोन ओळी. पुन्हा पहिल्यापासून. सोळाव्या खेपेला फोन तुटला.

शेवटचा दिवस उजाडला. गाणं मिळालं नव्हतं. निदान प्लेअर तरी देऊ, बाकी गाणी भरून देऊ, चूक कबूल करू, असं लंबकराव आरशासमोर घोकून आले होते. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. चार वाजता हॉलमध्ये सगळे जमले, साहेबांचं भाषण झालं, "आता भेटवस्तू" असं कुणीतरी पुकारलं, आणि भांडारपाल दार उघडून एका माणसाला घेऊन आत आला.

माणूस साठीचा, चिमणीएवढा, अंगात निळा कोट. कोटाच्या कॉलरला टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. तिच्यावर साठा नोंदवहीतला क्रमांक होता.

"हे काय?" लंबकरावांनी विचारलं.

"सुवाह्य संगीत वादक, एक नग," भांडारपाल म्हणाला. "आठ अर्ज आले होते. ढोलवाला सुवाह्य नव्हता. व्हायोलिनवाल्याची स्मरणशक्ती कच्ची, मुलाखतीची वेळच विसरला. हे माऊथ ऑर्गन वाजवतात. वाद्य खिशात मावतं, मी स्वतः घालून बघितलं. तीस तासांचं मात्र कसं करायचं, ते तुम्ही आपसात ठरवा."

साहेबांनी टिपणी मागवली आणि मोठ्याने वाचली. एकेका शब्दाला हॉलमध्ये एकेकाला हसू फुटत गेलं. 'खिशात मावेल असा' येईपर्यंत टायपिस्ट टेबलाखाली गेली होती. खालची सही साहेबांनी सर्वांना फिरवून दाखवली आणि कागद लंबकरावांच्या खिशात खोचला. भाषाधिकारी खिडकीबाहेर बघू लागला. "लंबकराव," मागून कुणीतरी ओरडलं, "तेरावा ठोका पडला हो!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लंबकरावांना झालं. पण खरं सांगायचं तर हसण्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. बाई हसत नव्हत्या, ते त्यांना लागलं. ते बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "बाई, चुकलो मी. गाणं मिळालं नाही. आणि हे... हे असं झालं."

तो निळा माणूस इतका वेळ टोपी हातात धरून उभा होता. आता त्याने घसा खाकरला. "मी जातो हवं तर. मला वाटलंच होतं, कुठंतरी चूक असणार. बावीस वर्षं हॉटेलच्या दिवाणखान्यात वाजवलं. मग त्यांनी भिंतीत स्पीकर बसवला. तेव्हापासून यंत्राच्या जागी माणूस हवा, असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणून आलो."

हॉलमधलं हसणं थांबलं. बाईंनी त्या माणसाकडे नीट पाहिलं. भिंतीतल्या स्पीकरने घरी बसवलेला माणूस आणि नव्या यंत्राने घरी बसवलेली बाई यांना एकमेकांची ओळख करून द्यायची गरज नव्हती.

"गाणं कुठलं हवं होतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"चला," बाई म्हणाल्या.

सगळं ऑफिस त्यांच्यामागोमाग जिन्यावरून उतरलं. पाचला दहा कमी होते. बोर्ड काढायला आलेले दोघे कारागीर पेचकस घेऊन खोलीत उभेच होते. बाईंनी त्यांना एकतीस वर्षांच्या सरावाने सांगितलं, "थांबा." ते थांबले. बाईंनी पिन खोचली आणि कानावरचं यंत्र त्या माणसाच्या कानाला लावलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. दोन ओळी, पुन्हा दोन ओळी, पुन्हा. मग त्याने निळ्या खिशातून माऊथ ऑर्गन काढला.

पहिली ओळ सगळ्यांच्या ओळखीची होती. दुसरीही. दुसऱ्या ओळीच्या टोकाशी सूर नेहमीसारखा उंच जाऊन उभा राहिला, आणि सवयीने सगळे पुन्हा पहिल्या ओळीची वाट बघू लागले. तो पुढे गेला. एकतीस वर्षं बंद असलेल्या दारातून गेल्यासारखा तो सहज पुढे गेला, तिसऱ्या ओळीत, चौथ्या ओळीत, जरा खाली उतरला, थोडा रेंगाळला आणि संपला. कारागिरांपैकी एकाने पेचकस खाली ठेवला होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. लंबकरावांनाही रडू आलं. त्यांनी रुमाल समजून टिपणीच काढली आणि तिच्यावरचा 'सुवाह्य' पुसट झाला.

"असं होतं तर," बाई म्हणाल्या.

"असं असावं," तो माणूस प्रामाणिकपणे म्हणाला. "खरं मलाही माहीत नाही. त्या डबीत तेवढंच आहे. पुढचं मी आपलं लावलं."

बाईंनी नाक पुसलं. "म्हणूनच. शेवट मला जरा घाईचा वाटला."

"मलाही वाटला." त्याने विचार केला. "पण काळजी करू नका. मी एक वर्षाची हमी लिहून दिलीय."

बोर्ड त्या संध्याकाळी गेला. दुकानातला निळा प्लेअर लंबकरावांनी पुढच्या महिन्यात स्वतः विकत घेतला आणि बायकोला दिला. ती त्याची होल्डची खिट्टी सरकवून ठेवते आणि म्हणते, तुमच्याशी बोलताना अशी एक हवी होती. पण दर बुधवारी सकाळी आवक-जावक विभागातला फोन वाजतो. "लंबकराव," पलीकडून ओळखीचा आवाज येतो, "वादकाच्या शेवटात पुन्हा बिघाड आहे हो. या वेळी फारच उदास केलाय. हमीत बसतंय का बघा." लंबकराव रीतसर तक्रार नोंदवतात, भांडारपाल रीतसर चिठ्ठी पाठवतो, आणि निळा कोट घालून वादक रीतसर दुरुस्तीला जातो. दुरुस्तीला चहासकट दुपार लागते.

वर्ष भरत आलं तेव्हा साठा तपासणी झाली. भांडारपाल यादी घेऊन बाईंच्या घरी गेला. तो दाराशी उभा असताना आतून माऊथ ऑर्गन वाजत होता, दुसरी ओळ संपली, तिसरी आली, आणि शेवट जवळ येतोय असं वाटताच बाईंचा आवाज आला, "थांबा! पुन्हा पहिल्यापासून." भांडारपालाने बेल वाजवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कागदाऐवजी माणसं वाचली, आणि जिन्यात बसून नोंदवहीत लिहिलं: सुवाह्य वादक, एक नग. स्थिती चालू. शेवट प्रलंबित. हमीस मुदतवाढ द्यावी.